सेबेन्झा २१ आणि एक्सएम-१८: पिव्हट उघडल्यावरच्या नोंदी

या खेपेला मोठा सेबेन्झा २१ आणि साडेतीन इंची एक्सएम-१८ हे दोन्ही घडीचे चाकू पूर्ण सुटे करून, धुऊन पुन्हा बांधले. पोलादाचा वाद मुद्दाम बाजूला ठेवला आहे. एस३५व्हीएन की २०सीव्ही, हा फरक खोकी कापताना फारसा जाणवत नाही. पिव्हट (पातं ज्यावर फिरतं तो अक्ष) आणि लॉक (उघडलेलं पातं मिटू न देणारी कळ) मात्र प्रत्येक उघडझापीला हाताला कळतात.

आधी एक शब्द नीट लावून घेऊ. या दोघांना सर्रास 'कस्टम' म्हणतात, पण कस्टम म्हणजे एकाच कारागिराच्या बाकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत घडलेला चाकू. हे दोन्ही सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) तुकडीने बनतात आणि हाताने पुरे होतात. अमेरिकी चाकूकार मायकल वॉकर यांनी १९८०च्या दशकात आजचा लायनर लॉक रूढ केला, ज्यात मुठीच्या आतली वेगळी पट्टी पात्यामागे सरकून त्याला अडवते. पुढे सेबेन्झावाल्या ख्रिस रीव्ह यांनी ती वेगळी पट्टी वगळून टायटॅनियमच्या मुठीच्या फळीतूनच लॉक कापला, तो फ्रेम लॉक. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे, कारखाना अमेरिकेत आयडाहोमधल्या बॉइसीचा. 'सेबेन्झा' हा झुलू शब्द, अर्थ 'काम'. एक्सएम-१८ ओहायोच्या रिक हिंडरर यांचा.

सेबेन्झाचा पिव्हट

याची सगळी गंमत बुशिंगमध्ये, म्हणजे पिव्हटवरच्या छोट्या नळीत आहे. पात्याची जाडी आणि दोन्ही बाजूंच्या ब्राँझ वॉशरची जाडी यांची बेरीज घ्या. बुशिंगची लांबी त्याहून किंचित, अगदी केसाहूनही कमी, जास्त ठेवलेली असते. त्यामुळे स्क्रू आवळला की मुठीच्या दोन फळ्या बुशिंगच्या टोकांवर टेकतात, पात्यावर दाब येत नाही. म्हणून इथे 'जरा घट्ट, जरा सैल' हा खेळच नाही. स्क्रू शेवटपर्यंत बसवायचा आणि विसरायचं.

यातूनच एक चूक टाळता येते. वॉशर काचेवर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचे, ही युक्ती बरेच जण सांगतात. ज्या चाकूत पिव्हट जुळवता येतो तिथे ती चालते. बुशिंगवाल्या चाकूत वॉशर पातळ झाला की फट वाढते, पातं आडवं हलायला लागतं, आणि कितीही आवळा, ते हलणं जात नाही, कारण आवळण्याची मर्यादा बुशिंगने आधीच ठरवून टाकलेली असते. नवा चाकू जड वाटला तर चारपाचशे वेळा उघडा-मिटा. वॉशर आपसूक जागेवर बसतात.

बांधण्याचा क्रम: सगळे भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचे. वॉशरच्या दोन्ही अंगांना ग्रीसचा पातळ हात. त्यातली भोकं ग्रीस धरून ठेवण्यासाठीच आहेत, वर थापायची गरज नाही. सगळे स्क्रू आधी नुसत्या बोटांनी, मग पिव्हट, मग स्टॉप पिन (पातं ज्यावर येऊन थांबतं ती खीळ), शेवटी मागचा स्क्रू. एकच स्क्रू आधी पूर्ण आवळला तर फळ्या तिरक्या बसतात आणि मिटलेलं पातं एका बाजूला झुकतं. तरीही झुकलं तर वॉशरखाली कण अडकला आहे का बघा. बहुतेकदा तेच असतं.

किल्ल्यांबद्दल सावध राहा. या चाकूच्या अ‍ॅलन की इंची मापाच्या आहेत. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी ३ मिमीची किल्ली १/८ इंचाच्या खाचेत (३.१७५ मिमी) जाते खरी, पण सैल बसते आणि दोनतीन वेळात खाचेचे कोन गोल करते. सोबत आलेलीच की वापरा.

एक्सएम-१८चा पिव्हट

इथे उलटं आहे. स्क्रूच्या आवळण्यावरच पात्याची चाल ठरते. घट्ट केलं की पातं अडकत जातं, सैल केलं की टोक डुलतं. मधली जागा कधी कधी स्क्रूच्या पाव फेऱ्याहून कमी असते. नव्या पिढीतल्या 'ट्राय-वे' पिव्हटमुळे बेअरिंग, फॉस्फर ब्राँझ किंवा प्लास्टिकचे वॉशर, तिन्हींपैकी काहीही बसवता येतं. फ्लिपरने (पात्याच्या मागचं, बोटाने दाबायचं टोक) झपकन उघडायचा शौक असेल तर बेअरिंग. पण खिशातला कापसाचा भुगा आणि बारीक रेती ते पहिल्यांदा पकडतात. रोजच्या वापराला ब्राँझच बरे.

जागा सापडली की ती टिकवायला थ्रेडलॉकर (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) लागतो. लॉकटाइटचा जांभळा २२२ पुरतो, निळा २४३ जरा जास्तच धरतो, लाल कधीच नको. एक थेंबही फार. टाचणीच्या टोकावर मावेल एवढाच. आट्यांवर ग्रीस राहिलं असेल तर तो धरत नाही, म्हणून आटे अल्कोहोलने पुसूनच लावा. टायटॅनियमवर आणि स्टेनलेसवर तो साध्या लोखंडापेक्षा सावकाश सुकतो, तेव्हा २४ तास चाकू हातात घेऊ नका. जास्त लागला तर वॉशरकडे झिरपतो आणि पातं चिकटतं. मग पुन्हा सगळं सुटं करायचं. सुकलेला स्क्रू हलत नसेल तर डोक्यावर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक अर्धा मिनिट टेकवा, जोर लावू नका.

लॉक

सेबेन्झाच्या पात्याचं पोलाद ५९-६० एचआरसीचं (रॉकवेल कठीणता), लॉकबार (फळीतून कापलेली लॉकची पट्टी) ६एएल४व्ही टायटॅनियमचा, म्हणजे खूपच मऊ. मऊ धातू पोलादाला चिकटतो, त्यामुळे लॉक सोडवताना तो अडल्यासारखा वाटतो. पेन्सिलीचं शिसं लॉकच्या तोंडावर फिरवलं की काही दिवस सुटतो. ग्रीस तिथे अजिबात नको. २०१९ अखेर आलेल्या सेबेन्झा ३१मध्ये रीव्ह यांच्या कारखान्याने लॉकबारवर सिरॅमिकची गोळी बसवली. तीच लॉकचं तोंड, तीच डिटेंट (मिटलेलं पातं धरून ठेवणारी). पोलादाला टायटॅनियम लागतच नाही. कागदावर हा सरळ सुधार. २१चा जुना लॉक सोडवताना जो मऊ आवाज येतो त्यावर जीव असणारे मात्र अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांचं चूक आहे असं म्हणवत नाही.

हिंडररचं खास काम म्हणजे लॉकबारवरची गोल चकती. अंगठ्याने लॉकबार गरजेपेक्षा बाहेर ओढला गेला की त्याचा ताण कायमचा कमी होतो; चकती तो प्रवास अडवते. दुसऱ्या अनेक उत्पादकांनीही ही कल्पना घेतली ती उगीच नाही.

तपासताना लॉकबारचा किती भाग पात्याच्या मागच्या तोंडाखाली येतो ते बघा. तिसरा हिस्सा ते निम्मा, उत्तम. झिजून पूर्ण पलीकडच्या फळीला टेकला की पात्याचा वरखाली प्ले (हलणं) सुरू होतो. आडवा प्ले असेल तर दोष पिव्हटचा, वरखाली असेल तर लॉकचा किंवा स्टॉप पिनचा. पात्याची पाठ टेबलावर आपटून लॉकची 'परीक्षा' घेणाऱ्यांचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्याने मऊ तोंडाला खळगा पडतो आणि चांगला लॉक बिघडतो. बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून पाठीवर हाताने हळूहळू दाब द्या, तेवढं पुरतं.

जाता जाता: शस्त्र नियम २०१६ नुसार परवान्याची अट ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याला आहे, हे दोन्ही त्यात येत नाहीत. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७चा मनाई आदेश लागू असेल तिथे चाकू खिशात नको. विमानात केबिन बॅगेत तर नाहीच.

राहिलेलं काम: एक्सएम-१८मध्ये बेअरिंगचा संच घालून पिव्हट नव्याने जुळवायचा आहे. ब्राँझचे वॉशर डावा-उजवा लिहून वेगवेगळ्या पुडीत ठेवले आहेत, कारण ते ज्या बाजूला घासून बसले त्याच बाजूला परत जायला हवेत.