पिवळी फुलपाखरं ओळखायचीत? चिखलाशी बसा

फुलपाखरं ओळखायला शिकवा असं कुणी म्हणालं की मी त्यांना बागेत नेत नाही, सिंहगडाच्या पायथ्याला आतकरवाडीच्या बाजूच्या ओढ्यावर नेते. फेब्रुवारी-मार्चात पाणी आटत जातं, दगडांच्या मधे ओली वाळू तेवढी उरते. ऊन तापलं की तिथे थवे उतरतात. फुलावर क्षणभर टेकणारं फुलपाखरू इथे सोंड मातीत खुपसून निवांत बसून राहतं. यालाच चिखलपान म्हणतात.

गवतावरची ती लहान पिवळी घ्या. उडताना सगळी सारखीच, आणि बसली की पंख मिटूनच. म्हणून वरची बाजू विसरायची. मिटलेल्या पुढच्या पंखाच्या मुळाकडे बघायचं. तिथे दोन बारीक खुणा दिसल्या तर कॉमन ग्रास यलो, तीन दिसल्या तर थ्री-स्पॉट ग्रास यलो. उन्हाळ्यात याच जातींच्या पंखांवर खालून तपकिरी डाग गडद होतात. ते बघून वेगळी जात समजू नका, खुणाच मोजा. एमिग्रंट नावाच्या फुलपाखरांचंही तसंच. पंखाच्या खालच्या बाजूला सगळीकडे बारीक शिंतोडे असले तर तो मॉटल्ड एमिग्रंट.

पण ही मंडळी चिखलात शोधतात काय? मीठ, म्हणजे मुख्यतः सोडियम. अळीपणी खाल्लेल्या पानांत पोटॅशियम भरपूर, सोडियम अगदी कमी, आणि मकरंदातही ते जवळजवळ नसतंच. ओल्या मातीतलं पाणी ओढायचं, क्षार ठेवून घ्यायचे, जादाचं पाणी मागून थेंबाथेंबाने सोडून द्यायचं. ते थेंब डोळ्यांनी दिसतात, थोडं थांबायची तयारी हवी. जमलेले बहुतेक नर असतात. मिलनाच्या वेळी हे मीठ शुक्रपेशींबरोबर मादीला मिळतं आणि तिच्याकडून अंड्यांत उतरतं. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. त्या चिखलातून पुढच्या पिढीची शिदोरी गोळा होत असते.

तिथे म्हशी चारणारे एक काका मला म्हणाले होते, "ताई, म्हस मुतली की तिथंच बसत्यात बघा ही." अगदी बरोबर. मूत्रातही सोडियम असतंच.

खुळखुळ्याच्या झुडपावर ब्लू टायगर फुलपाखरांची गर्दी दिसली तर मात्र ते चिखलपान नव्हे. तिथे नर झाडातली अल्कलॉइड्स, म्हणजे कडू रसायनं, घ्यायला येतात. त्यांच्यापासून ते मादीला आकर्षित करणारा गंध तयार करतात.

आता एक कळकळीची विनंती. उडणाऱ्या थव्याचा फोटो हवा म्हणून टाळ्या वाजवून किंवा खडे मारून त्यांना उठवू नका. हे हल्ली फार दिसतं आणि मला ते बघवत नाही. गुडघ्यांवर बसा, आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नका, मोबाइल जमिनीलगत धरून बाजूने एकच फोटो घ्या. पंखाच्या मुळाकडच्या खुणा त्यात स्पष्ट आल्या की ओळख पटायला तेवढं पुरतं.