शिळा पाव, उरलेलं अन्न आणि अंडी: अमेरिकेतला स्ट्राटा

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. शुक्रवारी सकाळी फ्रिज उघडला की डब्यांची चळत दिसते: टर्कीचे तुकडे, भाजलेल्या भाज्या, मॅश्ड पोटॅटो, स्टफिंग, शिवाय कडक झालेला पाव. नाताळ आणि ईस्टरनंतर त्यात हॅमची (डुकराच्या खारवलेल्या मांसाची) भर पडते. हे सगळं एकाच भांड्यात संपवून चार-सहा जणांना पोटभर नाश्ता द्यायचा, तर इथे स्ट्राटा करतात. पाव, उरलेलं अन्न आणि चीज यांचे थर लावायचे, वरून अंडं-दुधाचं मिश्रण ओतायचं, रात्रभर फ्रिजमध्ये मुरू द्यायचं आणि सकाळी ओव्हनमध्ये भाजायचं.

यात काहीही ढकललं तरी चालतं, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. पदार्थ बिघडतो तो बहुतेक वेळा पाण्यामुळे. उरलेल्या अन्नात किती पाणी आहे, पाव किती शोषू शकतो आणि अंडी किती धरून ठेवतात, याचं गणित जमलं तर आतलं सारण कोणतंही असो, वडी नीट कापली जाते.

इथलं नेहमीचं भांडं 9 बाय 13 इंचांचं आणि 2 इंच खोल असतं. त्याला 450 ग्रॅम पाव, 9 मोठी अंडी, 720 मिलिलिटर सायीसकट दूध, 225 ग्रॅम किसलेलं चीज आणि साधारण 450 ग्रॅम सारण लागतं. लहान ओव्हनसाठी 8 इंची चौकोनी भांडं घ्या आणि सगळं साधारण निम्मं करा. अंडी 5 आणि दूध 400 मिलिलिटर. अमेरिकेतलं ‘लार्ज’ अंडं कवचाशिवाय सुमारे 50 ग्रॅम भरतं. तुमच्याकडची अंडी लहान असतील तर मोजत बसू नका, फोडलेल्या अंड्यांचं वजन करा: मोठ्या भांड्याला 450 ग्रॅम. एका अंड्याला 80 मिलिलिटर दूध हे प्रमाण सांभाळलं की घट्टपणा बरोबर येतो. दूध वाढवलं तर मधला भाग सैल राहतो, अंडी वाढवली तर जाडसर ऑम्लेटची चव येते आणि पावाला काही अर्थ उरत नाही.

पावाबद्दल एक गैरसमज आहे. शिळा पाव कडक लागतो तो केवळ वाळल्यामुळे नाही. त्यातला स्टार्च थंड होताना पुन्हा स्फटिकासारखा बांधला जातो, म्हणून पिशवीत बंद राहिलेला पाव कडक असूनही आतून बराच ओला असतो. असा पाव तसाच वापरला तर दूध ओढून घ्यायला त्यात पुरेशी जागा नसते आणि सकाळी लगदा मिळतो. म्हणून 2.5 सेंटिमीटरच्या फोडी करून त्या 150 अंश सेल्सिअसला 15 ते 20 मिनिटं ट्रेमध्ये पसरून वाळवा, मध्ये एकदा हलवा. रंग यायला नको, फक्त बाहेरून कोरड्या व्हायला हव्यात. जाड कवचाचा, जाळीदार पाव सगळ्यात चांगला. मऊ सँडविच ब्रेड चालतो, पण तो जास्त वाळवावा लागतो आणि रात्रभर ठेवायचा नाही. तासाभरात तो हवं तेवढं पितो.

आता सारण. मांस, हॅम, शिजलेलं सॉसेज यांत मोकळं पाणी फारसं नसतं. 1 सेंटिमीटरचे तुकडे करून सरळ वापरा. कच्चं सॉसेज किंवा बेकन मात्र आधी पूर्ण शिजवून, चरबी निथळून घ्यायचं. ओव्हनमध्ये भाजलेल्या भाज्या, म्हणजे गाजर, ब्रसेल्स स्प्राउट्स (छोट्या कोबीसारखे गड्डे), रताळी, फ्लॉवर, या कामासाठी फारच उत्तम, कारण भाजतानाच त्यांचं पाणी उडून गेलेलं असतं. अडचण होते ती मशरूम, झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी), पालक आणि टोमॅटो यांची. या सगळ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. मशरूम आणि झुकिनी मोठ्या आचेवर, मीठ न घालता, तव्यात पाणी दिसेनासं होऊन कडा लालसर होईपर्यंत परता. फ्रोजन पालक पूर्ण वितळू द्या आणि कापडात घालून पिळा. 300 ग्रॅमच्या पाकिटातून आश्चर्य वाटावं इतकं पाणी निघतं. टोमॅटोच्या बिया आणि गर काढून टाका. कांदा कच्चा घालू नका. तेवढ्या वेळात तो शिजत नाही आणि वरून पाणी सोडतो.

मॅश्ड पोटॅटो अंडं-दुधात फेटू नयेत. मिश्रण जड आणि चिकट होतं, पावात शिरतच नाही. पावाच्या थरावर चमच्याने छोटे गोळे ठेवावेत. ग्रेव्हीचंही तसंच, फार तर तीन-चार चमचे मधल्या थरावर शिंपडा, उरलेली गरम करून बाजूला वाढा. स्टफिंग हा वेगळाच प्रकार आहे. तो मुळात पावाचे तुकडे, कांदा, सेलरी आणि स्टॉक (मांस किंवा भाज्या उकळून काढलेलं पाणी) घालून भाजलेला असतो, म्हणजे त्यातला पाव आधीच पाणी पिऊन बसलेला आहे. स्टफिंग सारण म्हणून धरू नका, पावाच्या जागी धरा. निम्मा पाव काढून तितकंच स्टफिंग घातलं तर दूध 150 मिलिलिटरने कमी करा. मीठही निम्मं करा. साध्या सारणाला मोठ्या भांड्यामागे एक चहाचा चमचा बारीक मीठ पुरतं. हॅम, स्टफिंग किंवा खारट चीज असेल तर अर्धा.

चीज स्वतः किसा. पाकिटातल्या किसलेल्या चीजला गोळे होऊ नयेत म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्यामुळे ते तितकं छान वितळत नाही. शार्प चेडर किंवा ग्रूयेर घेतलं तर चव छान येते. पाण्यातलं ताजं मोझरेला टाळा, कारण तेही पाणी सोडतं. दोन तृतीयांश चीज थरांमध्ये आणि उरलेलं वर. मिश्रणात एक चमचा डिजॉन मोहरी (मोहरीची तयार पेस्ट), ताजी मिरपूड आणि किंचित जायफळ हे माझ्या मते अत्यावश्यक आहेत. अंडी, दूध आणि पाव तिन्ही सौम्य, त्यांना टोक देणारं काहीतरी हवंच.

भांड्याला लोणी लावा. अर्धा पाव, अर्धं सारण, चीज, मग पुन्हा तेच. अंडी, दूध, मीठ फक्त एकजीव होईपर्यंत फेटा; फेस काढला तर वर बुडबुड्यांचा स्पंजी थर येतो. मिश्रण सगळीकडे फिरवून ओता, वर प्लॅस्टिक पसरून तळव्याने हलकेच दाबा, म्हणजे वरच्या फोडीही भिजतील. वाळवलेल्या जाड पावाच्या फोडीच्या मध्यापर्यंत दूध पोचायला वेळ लागतो. कमीत कमी दोन तास, खरं तर 8 ते 12 तास द्या. ही पायरी गाळली की आत कोरडे पांढरे गोळे सापडतात आणि न शोषलेलं दूध तळाशी रबरी थर होऊन बसतं.

सकाळी भांडं अर्धा तास बाहेर काढून ठेवा. काचेचं असेल तर हे अजिबात चुकवू नका. फ्रिजमधली थंड काच तापलेल्या ओव्हनमध्ये गेली तर तडकू शकते. ओव्हन आधी 175 अंशांना तापवा. पहिली 30 मिनिटं फॉइलने झाकून, मग फॉइल काढून आणखी 20 ते 25 मिनिटं. फॉइलला आतून थोडं तेल लावलं तर चीज चिकटत नाही. लहान ओव्हनमध्ये वरची कॉइल जवळ असते, म्हणून भांडं सगळ्यात खालच्या खणावर ठेवा आणि फक्त शेवटची 10 ते 15 मिनिटं उघडं भाजा. निम्म्या प्रमाणाला एकूण 40 मिनिटांच्या आसपास लागतात.

झालं की नाही हे रंगावरून कळत नाही. मधला भाग फुगून कडांच्या बरोबरीला येतो, भांडं हलवलं तर लाटेसारखा हलत नाही, किंचित थरथरतो. थर्मामीटर असेल तर मधोमध 74 अंश पाहा. अमेरिकेच्या कृषी खात्याने उरलेल्या अन्नासाठी आणि कॅसरोलसाठी (एकाच भांड्यात भाजलेल्या अशा पदार्थांसाठी) सांगितलेलं सुरक्षित तापमान तेच आहे, 165 फॅरनहाइट. त्यापुढे फार जाऊ नका. तापमान 85 अंशांच्या पुढे गेलं की अंड्यातली प्रथिनं आवळली जातात आणि धरलेलं पाणी बाहेर टाकतात.

म्हणूनच तळाशी पाणी दिसलं की घाईने भांडं परत ओव्हनमध्ये सारू नका. आधी ते पाणी कसं आहे ते पाहा. पिवळट, दुधासारखं दाट असेल तर पदार्थ कच्चा आहे. फॉइल झाकून 10 मिनिटं द्या. पातळ, पारदर्शक असेल तर एक तर भाज्या ओल्या होत्या किंवा भाजणं जास्त झालं आहे, आणि अजून भाजलं तर ते वाढेलच. अशा वेळी 15 मिनिटं तसंच ठेवा, पाव त्यातलं बरंच परत ओढून घेतो. नीट झालेला स्ट्राटाही 10 ते 15 मिनिटं थांबूनच कापायचा. गरम असताना सुरी घातली तर चांगली जमलेली वडी ढासळते. खूप वेळ गरम ठेवल्यावर अंड्याभोवती दिसणारी हिरवट छटा पिवळ्या बलकातलं लोह आणि पांढऱ्यातलं गंधक यांच्यामुळे येते. तिने अपाय होत नाही.

उरलेलं अन्न कधीचं आहे याचा हिशेब मात्र काटेकोर ठेवा. जेवणाच्या टेबलावर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न यात घालायचं नाही. हवा 32 अंशांच्या वर असेल तर एकच तास. फ्रिजमधलं शिजलेलं मांस आणि भाज्या 3 ते 4 दिवसांत वापराव्यात. टर्की गुरुवारची असेल तर स्ट्राटा शनिवारी भिजवून रविवारी सकाळी भाजणं ही शेवटची वेळ समजा. चौथ्या दिवसाच्या मांसाचा स्ट्राटा करून तो पुढे आणखी चार दिवस पुरवणं धोक्याचं आहे.

संपला नाही तर वड्या कापून, एकेक गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा. दोन महिने चव टिकते. मायक्रोवेव्हमध्ये पाव चिवट होतो. फ्रिजमध्ये रात्रभर वितळवलेली वडी थोड्या लोण्यावर, झाकण ठेवून, मंद आचेवर दोन्ही बाजूंनी चार-पाच मिनिटं परता, मधोमध वाफाळती गरम होईपर्यंत. कडा कुरकुरीत होतात, आणि अनेकांना ही दुसऱ्या दिवशीची वडीच जास्त आवडते.