वाचनालयातील कला आणि निवडीचा अधिकार

मंगळवार, रात्री

वाचनालयाच्या समितीची बैठक आज बरीच लांबली आणि मला त्याचे मनापासून समाधान वाटते. येत्या वर्षीच्या कलाउपक्रमांचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर शेवटचा होता. चित्रकला शिबिर, काव्यवाचन, सुलेखन कार्यशाळा अशी यादी वाचून झाली, तेव्हा एका ज्येष्ठ सदस्य बाईंनी शांतपणे विचारले, "हे उपक्रम कोणी मागितले आहेत?" बहुतेक वाचनालयांत अशी यादी कर्मचारी आणि त्यांच्या परिचयाचे कलावंत मिळून करतात, आणि नंतर लोक का आले नाहीत याचा शोध घेतला जातो. बाईंच्या प्रश्नाने चर्चा योग्य जागी, म्हणजे अगदी सुरुवातीला, नेऊन ठेवली.

लोकांना विचारायला हवे, यावर सर्वांचे लगेच एकमत झाले. पण विचारायचे म्हणजे काय, यावर ते टिकले नाही. पाच पर्यायांपुढे खूण करायला लावणारी प्रश्नावली वाटावी, अशी एक सूचना आली. मी तिला विरोध केला, कारण अशा प्रश्नावलीतून आपण छापलेलेच उत्तर परत येते. शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली, अमेरिकेतील शहरी योजनांचा अनुभव समोर ठेवून, लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात लोकांचे मत विचारणे ही केवळ चौथी पायरी आहे, आणि अधिकाराची खरी वाटणी सहाव्या, म्हणजे भागीदारीच्या पायरीपासून सुरू होते. मला वाचनालयात निदान ही सहावी पायरी हवी आहे. रहिवाशांच्या एका गटाकडे उपक्रमाच्या निधीचा ठरावीक हिस्सा सोपवावा, कलाप्रकार त्यांनी निवडावा, कलावंतांच्या मुलाखतींत त्यांनी प्रश्न विचारावेत आणि एखादा उपक्रम रुचला नाही तर तो थांबवण्याचाही अधिकार त्यांना असावा. हा शेवटचा अधिकार द्यायला संस्था सर्वाधिक कचरतात, आणि नेमका तोच नसेल तर बाकीच्या अधिकारांवर लोकांचा विश्वास बसत नाही.

"कला हे वाचनालयाचे काम आहे का?" हा प्रश्नही निघाला. सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा युनेस्कोचा जाहीरनामा १९४९ सालचा आहे. १९९४ मध्ये तो सुधारला गेला, तेव्हा कलांविषयी आस्था वाढवणे आणि प्रयोगकलांची अभिव्यक्ती लोकांपर्यंत पोहोचवणे ही ग्रंथालयाच्या मूळ कार्यांत गणली गेली. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याचे सत्ताविसावे कलम तर समाजाच्या सांस्कृतिक जीवनात मुक्तपणे भाग घेण्याचा हक्क प्रत्येकाला देते. यात 'भाग घेणे' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात, कारण समोर बसून पाहणाऱ्यापेक्षा काय करायचे हे ठरवणाऱ्याचा सहभाग कितीतरी मोठा असतो. शिवाय वाचनालयात यायला तिकीट लागत नाही, विशिष्ट पोशाख लागत नाही, येण्याचे कारणही सांगावे लागत नाही. कलादालनाच्या दाराशी संकोचणारी माणसे इथे वर्तमानपत्र चाळायला सहज येतात. ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ सालच्या पाच सूत्रांपैकी पाचवे सूत्र आपण ग्रंथसंख्येपुरतेच वापरत आलो आहोत, असे मला अनेकदा वाटते.

कलाउपक्रमांमुळे वाचनालयाची शांतता भंगेल, हा आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. घरी अभ्यासाला जागा नसलेल्या मुलांसाठी वाचनकक्षातील शांतता हीच वाचनालयाची सर्वांत मोठी देणगी असते. हेलसिंकीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने, २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'ओडी'ने (Oodi), शिवणयंत्रे, ध्वनिमुद्रण कक्ष आणि कार्यशाळा मधल्या मजल्यावर ठेवल्या आणि पुस्तकांना वरचा मजला दिला. त्याच्या आखणीतही नागरिकांच्या सूचना मागवल्या होत्या. ज्यांच्याकडे एकच दालन आहे, त्यांना मजल्यांऐवजी वेळा वाटून घ्याव्या लागतील, आणि त्या वेळा ठरवताना अभ्यासाला येणारी मुलेही त्या गटात असली पाहिजेत.

बुधवार, सायंकाळी

कालच्या चर्चेतले एक सूत्र मनात राहिले होते: जे वाचनालयात येतच नाहीत, त्यांचे काय? त्यांना विचारायचे तर दवाखान्याच्या प्रतीक्षाकक्षात, शाळा सुटण्याच्या वेळी फाटकापाशी, वृद्धांच्या बैठकीच्या जागी आपणच जावे लागेल. तिथे "तुम्हाला कोणती कला आवडते?" असे विचारले की बहुतेक जण "आम्हाला त्यातले काही कळत नाही" म्हणून विषय संपवतात. "पूर्वी हातांनी काय करत होतात आणि ते का सुटले?" असे विचारले तर माणसे भरभरून बोलतात. विणकाम, ढोलवादन, गोष्टी सांगणे, जुन्या छायाचित्रांची जुळणी, असे काहीही त्यातून पुढे येऊ शकते. आलेली निवड आपल्याला साधी वाटली, तरी तिला दुय्यम जागा आणि अपुरा निधी देण्याचा आपल्याला अधिकार नाही. कलावंताला मात्र पूर्ण मानधन मिळालेच पाहिजे. लोकांचा उपक्रम म्हणून त्याने फुकट यावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. तसेच रात्रपाळी करणाऱ्यांना, लहान मुले सांभाळणाऱ्यांना आणि ऐकू न येणाऱ्यांना निर्णयाच्या बैठकीला येता यावे, यासाठी सोयीची वेळ, मुलांसाठी जागा आणि सांकेतिक भाषेचा दुभाषा यांची तरतूद आरंभीच व्हायला हवी.

आज प्रस्तावाचा मसुदा लिहायला घेतला. मंजुरीच्या नमुन्यात 'उपक्रमाचे नाव' असा रकाना आहे आणि तो कोरा ठेवला तर कागद परत येतो, असे लेखा विभागाने कळवले आहे. मी तिथे "रहिवासी गट निवडील तो कलाउपक्रम" असे लिहिले आहे, आणि निवडीची पद्धत, गटाचे अधिकार व निर्णयाची मुदत यांचे स्वतंत्र टिपण सोबत जोडले आहे. उद्या ते समितीपुढे ठेवणार आहे.