तुम्ही विचारलंत म्हणून: सर, फॉर्म बनवता कधी?

बेळगावातली इंजिनिअरिंगची पोरं प्रोजेक्टसाठी आली की हमखास विचारतात, सर, तुम्ही फॉर्म डिझायनर, म्हणजे रकाने-बटणं हातानं मांडायचं टूल, उघडतच नाही की, मग स्क्रीन येतो कुठनं?

ऑब्जेक्टमधनंच येतो, म्हणजे प्रोग्रॅममध्ये एखाद्या वस्तूची माहिती आणि तिची कामं एकत्र बांधलेली असतात, त्यातनं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी मी सॉफ्टवेअर करतो, तिथं सगळा कारभार हीटवर चालतो, म्हणजे भट्टीतनं एका वेळी वितळवून काढलेलं लोखंड. पायथॉन ह्या प्रोग्रॅमिंग भाषेत हीटचा डेटाक्लास, म्हणजे कुठली माहिती ठेवायची त्याचा साचा, लिहायचा: हीट नंबर, तारीख, ग्रेड, कार्बन, सिलिकॉन. मग पायथॉनलाच विचारायचं, ह्यात कुठली फील्ड्स आहेत आणि त्यांचे टाइप काय, ही सोय २०१८ च्या ३.७ व्हर्जनपासून आहे, आणि टिकिंटरमध्ये, म्हणजे पायथॉनच्या स्क्रीन बनवायच्या लायब्ररीत, एक लूप फिरवायचा, मजकूर असेल तर एन्ट्रीचा रकाना, हो-नाही असेल तर चेकबॉक्स, ग्रेडसाठी ईनम (ठरलेल्या पर्यायांची यादी) असेल तर ड्रॉपडाउन, म्हणजे एफजी २६० ह्या बिडाच्या ग्रेडच्या जागी कोणी भलतंच टाइप करणार नाही. उद्या फॉस्फरस पाहिजे झाला तर क्लासात एक ओळ घाला, रकाना आपोआप येतो.

आणि आपल्या भागात ह्याचा खरा फायदा लेबलांना होतो बघा. भट्टीवरचा ऑपरेटर कन्नड वाचतो, सुपरवायझरला मराठी बरं पडतं, ऑडिटरला इंग्रजी लागतं. तिन्ही लेबलं मी त्या फील्डच्या मेटाडेटातच, म्हणजे फील्डला जोडलेल्या जादा माहितीत, ठेवतो, भाषा बदलली की तोच लूप परत चालतो. हातानं मांडलेल्या फॉर्मात हे करायचं तर एकेक स्क्रीन उघडत बसा.

ही कल्पना माझी नव्हे. झेरॉक्स कंपनीच्या पार्क ह्या संशोधन केंद्रातल्या स्मॉलटॉक भाषेत कुठलाही ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये, म्हणजे आतली माहिती दाखवणाऱ्या खिडकीत, उघडून बघता यायचा, पुढे संगणकतज्ज्ञ रिचर्ड पॉसन ह्यांनी अख्खा इंटरफेस ऑब्जेक्टवरनंच उभा करायची पद्धत मांडली, २००४ ची त्यांची पीएचडी त्यावरच आहे.

बटणंसुद्धा क्लासातल्या मेथडवरनं, म्हणजे ऑब्जेक्टला करता येणाऱ्या कामांवरनं, येतात. केमिस्ट्रीचा रिपोर्ट नसेल तर हीट पास होता कामा नये, हा नियम हीटच्या क्लासात पाहिजे, आणि बटणानं फक्त विचारायचं, आत्ता चालेल का? पोरं हा नियम क्लिकच्या फंक्शनमध्ये लिहितात, मग मोबाइल ॲप करायची वेळ आली की तोच परत लिहावा लागतो, आणि दोन्हीकडे वेगळा होतो. ह्या एका गोष्टीवर मी फार अडून बसतो.

पण भट्टीजवळचा स्क्रीन मी हातानंच करतो. तिथं माणूस हातमोजे घालून दिवसभर आकडे भरतो, त्याला मोठी बटणं आणि त्याच्या कामाचा क्रम पाहिजे, आणि तो क्रम क्लासात कुठंच लिहिलेला नसतो, त्याच्या शेजारी उभं राहूनच कळतो.