मिठानं खाल्लेला ट्रक

अमेरिकेत मिशिगनमधल्या डेट्रॉइट शहराच्या खाली, साधारण १२०० फूट खोल, मिठाची खाण आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदलेली, अजून चालू. हिवाळा आला की इकडे रस्त्यांवर मणामणांनी मीठ ओततात, म्हणजे बर्फ वितळतं आणि गाड्या घसरत नाहीत. तेच खारं पाणी मग गाडीच्या पोटाला, दारांच्या सांध्यांत, चाकांवरच्या कमानींत जाऊन बसतं आणि पत्रा कुरतडायला लागतं. ज्या शहरानं जगाला गाड्या दिल्या, त्याच शहराखालचं मीठ त्या गाड्या संपवतं. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची रीत आहे. इथे मीठच खाणारं.

हे पुराण लावायचं कारण म्हणजे आमच्या गॅरेजात उभा असलेला १९७१ चा फोर्ड एफ-१०० पिकअप. मिशिगनच्या दक्षिणेला लेनवी काउंटी म्हणून शेतीचा भाग आहे. तिथल्या एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये हा वर्षानुवर्षं पडून होता. मूळचा रंग हिरवा असावा. चारही टायर बसलेले, हौद्यात कुजका कडबा, फाळक्याची एक साखळी गायब. पण कागद चोख होते, आणि गाडीच्या चासी नंबराची सुरुवात एफ-१०-बी अशी होती. त्यातला 'बी' वाचला आणि मी घासाघीस थांबवली.

एफ-१० म्हणजे मागच्या दोन चाकांवर चालणारा एफ-१००. आणि बी म्हणजे ३०० घन इंचाचं, म्हणजे ४.९ लिटरचं, एका ओळीत सहा सिलेंडर असलेलं इंजिन. फोर्डनं ते १९६५ पासून १९९६ पर्यंत बनवलं, एवढं सांगितलं तरी पुरे. पळायला सुस्त, ओढायला दांडगं. व्हॉल्व्हच्या उघडझापीच्या टायमिंगला चेन नाही, थेट गिअरवर गिअर. कुरिअरच्या गाड्यांपासून लाकडं चिरडायच्या मशीनपर्यंत कुठेकुठे ते बसवलं होतं. व्ही-एट, म्हणजे आठ सिलेंडरच्या, इंजिनाच्या मागे लागणारी हौशी मंडळी त्याच्याकडे बघून नाक मुरडतात, म्हणून असा ट्रक माझ्यासारखीच्या खिशाला परवडतो.

ट्रक घरी आला तेव्हा पहिला प्रश्न जागेचा. आमच्या वसाहतीच्या नियमावलीत लिहिलंय की बंद पडलेलं वाहन दारापुढे दिसता कामा नये. मग ट्रक गॅरेजात आणि नवऱ्याची गाडी बाहेर बर्फात. जानेवारीत सकाळी काच खरवडताना तो माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचा, तिचं वर्णन इथे करत नाही.

कोल्हापूरहून सगळ्यांचा प्रश्न एकच: "अगं, तिथं गॅरेजवाले नाहीत का?" आहेत. पण चांगला मेकॅनिक तासाला शंभर डॉलरच्या वर घेतो, आणि गंजाचं काम म्हणजे नुसते तास. एका दारामागचा कोपरा कापून नवा बसवून घेतला तर ट्रकच्या किमतीइतकं बिल तेवढ्यातच होईल. याच्या उलट सुट्या भागांची गोष्ट. पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रकचा दरवाजाचा रबर, हेडलाइटची कडी, केबिनच्या कोपऱ्याचा घडवलेला पत्रा, सगळं नवं बनवून विकणाऱ्या कंपन्या आहेत. घरबसल्या मागवा, चार दिवसांत खोकं दारात. आपल्याकडे नेमकं उलटं असतं. पुण्याच्या नाना पेठेत अर्धा दिवस फिरूनही जुन्या गाडीचा भाग मिळत नाही, पण मिस्त्री तो लेथवर बनवून देतो आणि त्याची मजुरी आपल्याला फारशी जाणवत नाही. इथे वस्तू स्वस्त आणि माणसाचा हात महाग. म्हणून शनिवारी सकाळी इथले डॉक्टर, वकील, पोस्टमन सगळे गाडीखाली आडवे झालेले दिसतात. काहींना हौस असते, पण पुष्कळांचा हा साधा हिशेब असतो.

माझ्या बाबतीत तिसरंही एक कारण आहे. आबांचं शिवाजी उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप होतं. लहानपणी मी डबा घेऊन जायची तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायची परवानगी नसे. "ओढणी अडकंल, केस अडकतील, पोरीच्या जातीनं लांबच बरं." भावाला मात्र सुट्टीत पाने पुसायला बसवायचे आणि तो रडायचा. पुढे मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, डेट्रॉइटच्या भोवतीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर सीटच्या यंत्रणा डिझाइन करते. पण जाम झालेला नट हातानं सोडवायची संधी चाळिशीपर्यंत आलीच नव्हती.

इंजिनापासून सुरुवात केली. इतकी वर्षं बंद असलेलं इंजिन एकदम स्टार्टर मारून फिरवायचं नसतं. पिस्टनच्या कड्या सिलेंडरला चिकटलेल्या असतात, त्या तुटतात. सहाही प्लग काढायचे, भोकांतून पातळ तेल सोडायचं आणि थांबायचं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, पुढच्या बोल्टला लांब दांडीचा पाना लावून हलकेच जोर द्यायचा, हललं नाही तर जेवायला जायचं. एके दिवशी दांडी अगदी बोटभर सरकली. मी नवऱ्याला ओरडून बोलावलं, त्यानं येऊन विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "हललं." तो म्हणाला, "एवढंच?"

आबांना एवढंच नव्हतं वाटलं. व्हिडिओ कॉलवर ते चष्मा कपाळावर सरकवून बसले होते. त्यांनी विचारलं, "फायरिंग ऑर्डर काय हाय?" म्हणजे सिलेंडर कोणत्या क्रमानं पेट घेतात. मी सांगितलं, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. तर ते हसायलाच लागले. "आगं, मग ही तर आपली टाटाचीच गाडी की!" सरळ ओळीतल्या सहा सिलेंडरच्या इंजिनांचा सहसा हाच क्रम असतो, आपल्याकडच्या जुन्या डिझेल ट्रकांचाही. आबांनी उभ्या आयुष्यात अमेरिकन गाडीला हात लावला नव्हता, पण त्या दिवसापासून हा ट्रक त्यांच्या ओळखीचा झाला. इथले जुने बोल्ट मिलिमीटरचे नाहीत, नऊ सोळांश, सात सोळांश असे इंची आहेत, यावर मी कुरकुर केली तर म्हणाले, "आमच्याकडंबी आधी इंचीच होतं, व्हिटवर्थचं. तुम्ही पोरं लाडावलाय."

हीटरच्या डब्यात उंदरांनी सीटचा कापूस कोंबून संसार मांडला होता. तो मास्क लावून आणि ओला करूनच काढायचा, कारण इथल्या उंदरांच्या लेंड्यांतून फुप्फुसाचा एक जिवावरचा आजार होतो. पेट्रोलची टाकी या ट्रकमध्ये कुठे असावी? केबिनच्या आत, सीटच्या पाठीमागे! तेव्हा कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. टाकी उतरवली तर तळाशी डिंकासारखा थर आणि जुन्या वॉर्निशचा वास. ती बाजूला ठेवून, पेट्रोलच्या छोट्या डब्यातून नळी लावून, कार्बोरेटर खोलून धुऊन, ठिणगीसाठीचे इग्निशनचे पॉइंट घासून शेवटी स्टार्टर मारला. थोडं खोकलं, निळा धूर सोडला आणि लागलं. आणि वरून टकटक टकटक.

आबा फोनवरून: "टॅपेट वाजतंय. सेटिंग कर." टॅपेट म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग.

"आबा, यात हायड्रॉलिक आहेत, तेलाच्या दाबावर चालणारे, सेटिंग नसतं."

जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "तर मग तेल वर पोचंना. आधी तेल बदल, आणि सावकाश चालू ठीव. घाई करू नगंस."

तेल बदललं, चालू ठेवलं, टकटक हळूहळू विरली. आठ हजार मैलांवरून, फाटक्या आवाजाच्या कॉलवर केलेलं निदान. मी पगार घेते त्या कामात मला हे जमलं नसतं.

आता गंज. वरून हिरवा, गुळगुळीत दिसणारा पत्रा असतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून जरा दाबलं की पापडासारखा मोडतो. दरवाज्यामागचा केबिनचा खालचा कोपरा ही या मॉडेलची दुखरी जागा. तिथे माझ्या आधी कोणीतरी लांबी, म्हणजे पुट्टी, थापली होती, तिच्याखाली फायबरची जाळी, तिच्याखाली चक्क वर्तमानपत्राचे बोळे. एवढ्या थरांखाली गंज मजेत पसरत होता. यावर इलाज एकच, चांगला चकचकीत पत्रा लागेपर्यंत कापत जायचं. कापताना वाटतं आता काही उरणारच नाही. मग नव्या पत्र्याचा तुकडा बेतून बसवायचा आणि वेल्डिंग करायचं, पण सलग नाही. एक ठिपका इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा आणखी तिसरीकडे. सलग झाळ ओढली तर उष्णतेनं पत्रा वाकडा होतो आणि आयुष्यभर लाटा दिसत राहतात. पहिले कितीतरी दिवस मी भंगार पत्र्यावरच ठिपके मारत बसले होते.

लहानसहान भागांसाठी मात्र एक सुरेख युक्ती आहे. बादलीत पाणी, त्यात धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरचं ऋण टोक गंजक्या भागाला, धन टोक एखाद्या भंगार लोखंडाला. रात्रभर बारीक बुडबुडे येतात आणि सकाळी गंज काळ्या लगद्यासारखा सुटतो, ब्रशनं घासला की खालचं लोखंड शाबूत. दोन पथ्यं मात्र पाळायची. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावायचं नाही, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. आणि बादली मोकळ्या हवेत ठेवायची, कारण ते बुडबुडे हायड्रोजनचे असतात. फाळक्याच्या बिजागऱ्या, बोनेटचं कुलूप, सीटचे रूळ सगळे असेच निघाले.

ब्रेकचं काम सोपं, पण त्यात हयगय चालत नाही. चारही चाकांना ड्रम. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, म्हणून आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्यानं टिपायची. लोखंडी नळ्या खालून पार गेल्या होत्या, त्या काढून तांबं-निकेलच्या टाकल्या, मिठाचं त्यांच्यापुढे काही चालत नाही. शेवटी नळ्यांतली हवा काढायला दुसरा माणूस लागतोच. नवरा पेडलवर, मी चाकापाशी आडवी. "दाब." "दाबलं." "धर." "धरलंय." "सोड." असं तासभर. आमच्या लग्नात एवढं नेमकं संभाषण आधी झालेलं आठवत नाही.

गॅरेजचं दार उघडं ठेवून काम केलं की शेजार बदलतो, हे मात्र मला ठाऊक नव्हतं. एरवी हात हलवून "हाय" म्हणून जाणारे लोक आत यायला लागले. एक आजोबा उभी हयात मोटारीच्या कारखान्यात घालवून निवृत्त झालेले. ते खुर्ची घेऊनच यायचे. बोलायचे कमी. मी चुकीच्या आकाराचा पाना उचलला की नुसते घसा खाकरायचे. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी इथे वुडवर्ड ॲव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची जत्रा भरते. १९९५ पासूनची प्रथा. फर्नडेलपासून पॉन्टिॲकपर्यंत हजारो गाड्या दिवसभर मुंगीच्या चालीनं फिरतात. लोक रस्त्याकडेला खुर्च्या टाकून बघत बसतात. आजोबांनी तिथे नेऊन मला चकचकीत रंगवलेल्या ट्रकांच्या रांगेत फिरवलं आणि म्हणाले, यातल्या निम्म्यांच्या हौद्यात कधी मातीसुद्धा पडली नसेल. त्यांच्या बोलण्यात नापसंती स्पष्ट होती.

मलाही ते पटलं. म्हणून रंग काढलेला नाही. नव्या पत्र्यावर गंजरोधक प्रायमर आणि जुळता हिरवा मारलाय, बाकी जुना, फिकट हिरवा तसाच. अनोळखी माणूस ट्रक बघून विचारतो, "काम कधी पूर्ण होणार?" झालंय, असं सांगितलं की त्याला पटत नाही. हिवाळ्यात, रस्त्यावर मीठ असेपर्यंत, तो गॅरेजाबाहेर जात नाही. बर्फात बाहेर कोणाची गाडी असते ते सांगितलंच आहे.

पिकअप असलेल्या माणसाला इकडे एक भोग चुकत नाही. ओळखीपाळखीत कोणीही घर बदललं की पहिला फोन तुम्हाला. आमच्या मंडळात बातमी पसरायला आठवडासुद्धा लागला नाही. गणपतीच्या मखराचं प्लायवूड, कोणाचं वॉशिंग मशीन, कोणाच्या आईसाठी घेतलेला दिवाण, सगळं याच हौद्यातून गेलंय. आठ फुटी हौदा आहे, प्लायवूडचा आख्खा ताव सपाट मावतो, तेव्हा नाही तरी कशाला म्हणायचं? भाडं मी घेत नाही. फक्त सोफा उतरवून झाला की यजमानाला सांगते, पुढच्या रविवारी सकाळी दहाला ये, मागच्या उजव्या ब्रेकची हवा काढायची आहे, पेडल दाबायला माणूस हवाय. नवऱ्यानं राजीनामा दिलाय.