जॉन मार्स्टन आर्थरचे नाव का घेत नाही?

‘रेड डेड रिडेम्प्शन’ या व्हिडिओ गेमचे दोन्ही भाग मी अनेकदा खेळले आहेत हे कळले की समोरचा माणूस, मग तो ऑफिसातला सहकारी असो की लग्नात भेटलेला कोणाचा तरी दीर, थोड्या वेळाने हमखास एकच प्रश्न विचारतो. ज्या आर्थर मॉर्गनने जॉन मार्स्टनला वाचवण्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावला, त्या आर्थरचे नाव जॉन पुढच्या आयुष्यात एकदाही का घेत नाही? माझ्या भाच्याने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या आवाजात कुतूहल कमी आणि राग जास्त होता. “मावशी, हा माणूस कृतघ्न आहे का गं?” असे तो म्हणाला. त्याला तेव्हा जे घाईत सांगितले, ते आज नीट आणि सविस्तर लिहिते आहे. दोन्ही कथांचे शेवट यात येणार आहेत. ज्यांना अजून खेळायचे आहे त्यांनी आधी खेळावे आणि मग हे वाचावे.

ज्यांना पार्श्वभूमी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिला खेळ २०१० मध्ये आला आणि त्याची कथा १९११ मध्ये घडते. जॉन मार्स्टन हा एकेकाळचा दरोडेखोर बायको-मुलासह शेती करून राहतो आहे. सरकारी अधिकारी एडगर रॉस त्याच्या कुटुंबाला ताब्यात घेतो आणि बिल विल्यमसन, हावीअर एस्क्वेला आणि म्होरक्या डच व्हॅन डर लिंड या जुन्या साथीदारांना पकडण्याच्या किंवा मारण्याच्या कामाला जॉनला जुंपतो. दुसरा खेळ २०१८ मध्ये आला, पण त्याची कथा मागे, १८९९ मध्ये जाते. ती याच टोळीच्या विघटनाची गोष्ट आहे आणि तिचा नायक आहे आर्थर, डचचा उजवा हात. क्षयाने पोखरलेला आर्थर शेवटी जॉनला निसटून जाण्यासाठी वाट करून देतो आणि स्वतः मरतो. म्हणजे पडद्यावरच्या क्रमांकाने जो दुसरा, तो काळाच्या हिशेबाने पहिला. आज बहुतेक तरुण मंडळी २०१८ चा खेळ आधी खेळतात आणि मग १९११ मधल्या जॉनकडे वळतात, आणि तिथेच त्यांना ठेच लागते.

प्रश्नाचे सरळ उत्तर असे की २०१० मध्ये आर्थर मॉर्गन नावाचे पात्र खेळाडूंसमोर आलेलेच नव्हते. जॉनने त्याचे नाव घेतले नाही, कारण ते त्याच्या संवादांत लिहिलेले नाही, आणि आठ वर्षांनी आलेला खेळ आधीच्या खेळातले संवाद बदलू शकत नव्हता. हे उत्तर मी नेहमी सर्वांत आधी देते, कारण ते न देता थेट जॉनच्या मनाचा तळ शोधायला लागणे मला अप्रामाणिक वाटते. मात्र तेवढ्यावर थांबणेही मला पटत नाही. खेळणाऱ्याने आर्थरबरोबर साठ-सत्तर तास घालवलेले असतात, त्याचा खोकला ऐकलेला असतो, त्याच्या घोड्याला थोपटलेले असते. त्याला “तेव्हा तो लिहिलाच नव्हता” एवढे सांगून वाटेला लावणे म्हणजे त्याच्या प्रश्नाचा अर्धाच भाग ऐकणे होय.

माझे म्हणणे असे आहे की या दोन कथांमध्ये जिथे जिथे मेळ बसत नाही, तिथे दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि आपण दोन्हींना सरसकट विसंगती म्हणतो. एक म्हणजे न बोललेली गोष्ट आणि दुसरी म्हणजे बदललेली गोष्ट. न बोललेल्या गोष्टीला पूर्वकथा नंतर अर्थ देऊ शकते, कारण गप्प बसण्याला शेकडो कारणे असू शकतात. पण एखादे पात्रच वेगळ्या मातीचे निघाले, तर मग कितीही टाके घाला, शिवण उसवलेलीच दिसते.

टाके घालण्याचे काम २०१८ च्या लेखकांनी किती मन लावून केले आहे, हे आधी पाहायला हवे. पहिल्या खेळात जॉनच्या गालावर जखमांचे जुने व्रण आहेत. दुसऱ्या खेळाच्या सुरुवातीलाच, कोल्टर या ओसाड डोंगरी वस्तीजवळच्या बर्फात हरवलेल्या जॉनवर लांडगे तुटून पडल्याचे आपल्याला समजते आणि ते व्रण कुठून आले याचा उलगडा होतो. पहिल्या खेळात जॉन खोल पाण्यात उतरला की लगेच बुडून मरतो. ती तेव्हाच्या खेळाची मर्यादा होती. दुसऱ्या खेळात आर्थर व्यवस्थित पोहतो, पण शेवटच्या भागात खेळाची सूत्रे जॉनच्या हाती आली की तो पुन्हा पाण्यात गटांगळ्या खातो, म्हणजे जुन्या मर्यादेला नव्या लेखकांनी त्या माणसाचा स्वभावधर्म करून टाकले. दरोड्यात गोळी लागल्यावर साथीदार आपल्याला मरायला सोडून गेले, ही जॉनची पहिल्या खेळातली तक्रार सेंट डेनिस शहराजवळच्या आगगाडीच्या दरोड्यात जवळजवळ जशीच्या तशी खरी होते. बीचर्स होप या जॉनच्या शेतावरचे घर कोणी बांधले, टोळीतला म्हातारा अंकल तिथे कसा आला, या सगळ्याची उत्तरे मिळतात. टोळीचा दरोडा फसल्यामुळे ज्या ब्लॅकवॉटरमध्ये पाऊल ठेवायची आर्थरला चोरी होती, त्याच गावाच्या अगदी जवळ जॉन १९०७ मध्ये जमीन कशी घेतो, हे मात्र मला अजूनही थोडे सैल वाटते. तोवर तो जिम मिल्टन या खोट्या नावाने वावरत असतो, हे मान्य करूनही.

आता पुन्हा आर्थरच्या नावाकडे येते. खेळाच्या शेवटच्या, १९०७ मधल्या भागात जॉनकडे आर्थरची वही असते. ती उघडून पाहिली नसेल तर जरूर पाहा. आधीच्या पानांवर आर्थरने पेन्सिलीने काढलेली हरणे, पक्षी, मोडकी घरे, माणसांचे चेहरे आहेत. हात इतका सफाईदार की या गुंडाला हे कधी जमले असेल असा प्रश्न पडावा. मग एका पानानंतर अक्षर बदलते आणि चित्रेही बदलतात. जॉनने काढलेली चित्रे ओबडधोबड आहेत, रेषा चुकलेल्या आहेत, प्रमाण बिघडलेले आहे. तरीही तो काढत राहतो. ज्याला चित्र काढता येत नाही असा माणूस मेलेल्या मित्राच्या वहीत, त्याच्याच चित्रांच्या पुढच्या पानावर, जमेल तसे काढत बसतो. मी पहिल्यांदा ती पाने उलटली तेव्हा बराच वेळ पुढे खेळलेच नाही. कृतघ्न माणूस असे करत नाही, हे भाच्याला मी तीच पाने दाखवून सांगितले.

त्यानंतर काय होते ते महत्त्वाचे आहे. आर्थरने जॉनला जिवंतपणी बजावले होते की वेळ आली की पळ आणि मागे वळून पाहू नकोस. जॉन आठ वर्षांनी मागे वळतो. टोळीशी दगाबाजी करणारा मायका बेल माउंट हेगन या डोंगरावर असल्याची बातमी टोळीतली जुनी सोबतीण सेडी ॲडलर आणते. जॉनची बायको ॲबिगेल त्याला परोपरीने विनवते की जाऊ नकोस. तरीही आर्थरचे ऋण आहे म्हणून तो सेडी आणि जुना साथीदार चार्ल्स स्मिथ यांच्याबरोबर जातो आणि मायकाला संपवतो. खेळाची श्रेयनामावली सरकत असताना मध्येमध्ये दिसते की एडगर रॉस आणि त्याचा सहकारी त्या मृतदेहापासून माग काढत निघाले आहेत, आणि अखेरीस ते एका टेकडीवरून जॉनचे घर न्याहाळतात. १९११ मध्ये जॉनच्या घरावर जे संकट कोसळते, त्याचा धागा पूर्वकथेने असा आर्थरच्या सूडाशी नेऊन बांधला आहे. आर्थरसाठी केलेल्या एका कृत्याने, आर्थरने ज्यासाठी जीव दिला तेच कुटुंब धोक्यात आले. असा माणूस त्या मित्राचे नाव कोणासमोर घेईल? रॉससमोर तर नक्कीच नाही, आणि वाटेत भेटलेल्या मार्शल किंवा औषधविक्याजवळही नाही. २०१० मध्ये जी नुसती रिकामी जागा होती, तिला २०१८ मध्ये वजन आले. माझ्या मते ही विसंगती उरतच नाही.

मला खरे तर आर्थरपेक्षा होझिया मॅथ्यूजचा अनुल्लेख जास्त खटकतो, आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही याचे आश्चर्य वाटते. पूर्वकथेत होझिया हा डचच्या बरोबरीने टोळी उभी करणारा माणूस आहे. पोरक्या आर्थरला आणि जॉनला या दोघांनी मिळून वाढवले. सेंट डेनिसच्या बँकेबाहेर पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेच्या माणसांच्या गोळीने तो मरतो आणि तिथून डचचा तोल जातो तो कायमचाच. पहिल्या खेळात जॉन आपल्या घडणीविषयी, टोळीच्या जुन्या आदर्शांविषयी जेव्हा मोजके बोलतो, तेव्हा ते सगळे श्रेय एकट्या डचच्या पदरात पडते. आर्थरविषयी गप्प राहण्यात अपराधीपणा असू शकतो. होझियाविषयी गप्प राहण्याला असे कोणतेही कारण मला सापडत नाही.

डच आणि जॉन यांची १९११ मधली अखेरची भेटही अशीच अवघड आहे. कड्याच्या टोकाशी डच आपल्या स्वभावाविषयी, संपलेल्या काळाविषयी बोलतो आणि मग स्वतःला खाली झोकून देतो. तो प्रसंग मला आजही या माध्यमातल्या उत्तम प्रसंगांपैकी एक वाटतो. पण पूर्वकथेनुसार चारच वर्षांपूर्वी हे दोघे माउंट हेगनच्या बर्फात समोरासमोर उभे होते, डचने मायकावर गोळी झाडून जॉनचा जीव वाचवला होता, आणि ब्लॅकवॉटरच्या दरोड्यातले घबाड तिथेच टाकून तो एक शब्द न बोलता निघून गेला होता. दोन माणसांमध्ये एवढे घडले असताना, मृत्यूच्या दारात त्यातले काहीच कोणाच्या ओठांवर येऊ नये, हे पचवायला जड जाते. इथे मी पूर्वकथेलाच दोष देते. शेवटचा धक्का देण्याच्या मोहात तिने डचला एकदा जास्त रंगमंचावर आणले.

बाकीच्या लहानसहान गोष्टींवर मी फार वेळ घालवत नाही. जॉनची एक मुलगी वारली होती असे पहिल्या खेळात कळते आणि पूर्वकथेत ती आपल्याला भेटत नाही. पण दोन्ही कथांच्या दरम्यान इतकी वर्षे मोकळी आहेत की तिचे छोटेसे आयुष्य त्यात सहज मावते. ब्लॅकवॉटरच्या पैशातला वाटा मिळूनही १९११ मध्ये घर बेताचेच दिसते, यावरही लोक वाद घालतात. शेतीत पैसा कसा जिरतो हे ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांना मी त्याचे उत्तर द्यायची गरज नाही.

जी विसंगती मला कधीच सांधता आली नाही ती हावीअरची आहे. पूर्वकथेतला हावीअर रात्री शेकोटीपाशी गिटार घेऊन स्पॅनिश गाणी म्हणतो, नीटनेटका राहतो, शब्दाला जागतो, आणि निष्ठा हा शब्द त्याच्याइतका गंभीरपणे त्या टोळीत क्वचितच कोणी घेत असेल. १९११ मधला हावीअर मेक्सिकोत एल प्रेसिदिओच्या लष्करी किल्ल्यात लपलेला आहे, जॉनला पाहताच जुन्या नात्याची आठवण देत गयावया करतो, दोष दुसऱ्यावर ढकलतो आणि संधी साधून पळ काढतो. काही जण म्हणतात की बारा वर्षांत माणूस बदलतो. काही जण ग्वार्मा बेटाकडे बोट दाखवतात, जिथे जखमी हावीअरला आर्थर आणि डच सोडवून आणतात, आणि सांगतात की तेव्हापासून तो डचच्या उपकाराखाली दबून अखेरच्या फुटीत चुकीच्या बाजूला उभा राहिला. पहिले म्हणणे कशालाही लागू पडते, म्हणून ते उत्तर नव्हे. दुसरे मी गंभीरपणे घेते. पण त्यातून निघतो तो कडवा, दुखावलेला, जॉनवर बंदूक रोखून उभा राहणारा माणूस. सगळ्यांना विकायला तयार असलेला भेदरलेला माणूस त्यातून निघत नाही. २०१० च्या लेखकांना एक पळपुटा हवा होता, २०१८ च्या लेखकांना एक निष्ठावान हवा होता, आणि या दोघांना एकच नाव मिळाले.

कोणता खेळ आधी खेळावा, हेही मग ओघाने विचारले जाते. मी भाच्याला पुन्हा एकदा, या वेळी २०१० चा खेळ आधी आणि २०१८ चा नंतर, असे खेळायला सांगितले. तसे खेळले की जॉनचे गप्प राहणे आधी ऐकू येते आणि त्याचे कारण मागाहून कळते.

तरीही हावीअरपाशी तो परत अडखळला. कोल्टरच्या त्या वादळात जॉनला शोधायला आर्थर एकटा जात नाही, हावीअर त्याच्याबरोबर असतो. रक्ताळलेल्या जॉनला कड्यावरून खांद्यावर उचलून खाली आणावे लागते आणि दोघे मिळून त्याला घोड्यावरून तळापर्यंत पोहोचवतात. एल प्रेसिदिओत खेळाडूला हावीअरला ठार मारता येते किंवा जिवंत धरता येते. भाच्याने त्याला जिवंत धरले, दोरखंडाने हातपाय बांधले, घोड्यावर आडवे टाकले आणि मग घोडा पुढे न हाकता कंट्रोलर माझ्या हातात दिला.