ससुल्या कुठे रडला?

मंगळवार, रात्री

चिऊ आज इंजेक्शनला रडली नाही. घरात सगळ्यांना त्याचा आनंद, मीच एकटी तोंड वाकडं करून बसलेय.

डीपीटीचा, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचा, पाच वर्षांचा बूस्टर. दंडात देतात आणि चांगला ठणकतो. मी अगदी तयारीनिशी गेले होते. मांडी, ओढणी, पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या. बाईसाहेब स्वतःच स्टुलावर चढल्या, बाही वर केली, ओठ आत ओढून घेतले. झालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "किती शहाणी गं!" कंपाउंडरकाकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

रिक्षात विचारलं, दुखलं का गं?

"हो. खूप."

मग?

"ससुल्या कुठे रडला?"

ससुल्या म्हणजे सध्या रोज रात्री वाचतो त्या पुस्तकातला. गार स्टेथोस्कोप, बारीकशी सुई, मग फुगा, शेवटच्या पानावर हसरा चेहरा. आणि संध्याकाळी ताटातला पापड मोडला म्हणून ही मुलगी हमसून हमसून रडली. नवा दिला तरी थांबेना. आई म्हणाल्या, भाजी तिखट झाली असेल. बरं, तसं.

पण भीती गेली की नुसती गिळली? पुस्तक आणलं ते तिची भीती जावी म्हणून. रडू नकोस असं मी कधीच म्हटलं नव्हतं. त्या सशानंही नाही म्हटलं. तो फक्त रडला नाही.

आईंना हे सगळे चोचले वाटतात. त्यांच्या गावात देवी टोचायला माणूस यायचा तेव्हा पोरं कणगीमागे लपायची आणि मोठी माणसं त्यांना ओढून बाहेर काढायची. दंडावरचे वण अजून आहेत. आमच्या वेळेला डॉक्टर म्हणजे धमकी होती, गप झोप नाहीतर सुई टोचायला बोलावते. पोलीस, बागुलबुवा आणि डॉक्टर एकाच माळेतले. तेव्हा निदान भोकाड पसरायची मुभा होती.

ताईनं अमेरिकेतून पाठवलेलं जॉर्ज माकडाचं पुस्तक परत काढलं मघाशी. 1966 चं. बोस्टनमधल्या मुलांच्या हॉस्पिटलची मदत घेऊन केलेलं. माकड चित्रकोड्याचा (जिगसॉचा) तुकडा गिळतं, एक्स-रे, ऑपरेशन, सगळं आहे त्यात. माझा जीव मात्र बेट्सीवर. हॉस्पिटलात आलेली, घाबरलेली, काही केल्या न हसणारी मुलगी. जॉर्ज शेवटी असा काही धुमाकूळ घालतो की तिला हसू फुटतं. तोवर ती खुशाल उदास असते. चिऊला नाही आवडत ती. "सारखी तोंड पाडून बसते."

तिला आवडते मॅडलिन. अपेंडिक्स काढल्यावर पोटावरचा व्रण दाखवणारी. तो बघून बाकीच्या मुली रात्री रडतात, आमचंही अपेंडिक्स काढा म्हणून. 1939 सालचं पुस्तक, पण हिला तंतोतंत पटतं. आजही घरी आल्यापासून दंड निरखतेय, खूण का नाही उठली.

ओठ आत ओढून घेण्याचं म्हणाल तर नानांच्या वेळी मीही... जाऊ दे.

मला नेमकं कशाचं वाईट वाटतंय? ती रडली नाही याचं, की माझी मांडी रिकामी राहिली याचं? दुसरंच असणार. रात्रीचे अकरा वाजलेत आणि मी एका सशावर रुसलेय. पुढचं टीडीचं, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाचं, इंजेक्शन दहाव्या वर्षी. तेव्हा ही मला बाहेरच बसवणार, हे आजच दिसतंय. लिमलेटच्या गोळ्या मीच संपवल्या.

झोपताना दंडाला बर्फ लावला. थोडा वेळ गप्प बसली, मग रुमालासकट बर्फ हातातून घेऊन सशाच्या चित्रावर दाबून धरला. "त्याला पण दुखलंय. तो सांगत नाही."

पान पार भिजलंय. पुस्तक वाचनालयाचं आहे आणि शनिवारी परत करायचंय.